थर्मोस्टॅट काढून टाकू नकोस

मुलुंड, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. गॅरेजवाला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट पाणी तापल्यावर उघडणारा वॉल, काढूनच टाकायला सांगतोय, असं तू काल फोनवर म्हणालास, तेव्हापासून मला चैन नाही. तू ऑफिसच्या गडबडीत होतास, म्हणून सविस्तर लिहितो. सुहास, तो वॉल काढू देऊ नकोस. नवा घालू, आणि आपल्या हातांनी घालू.

"मुंबईच्या हवेत त्याची गरज काय?" हे वाक्य मलाही ऐकवलं होतं. ऐकायला पटतं, पण बाहेर 32 अंश असले तरी इंजिनाला आतलं पाणी 90 च्या आसपास लागतं. त्याच्या खाली राहिलं की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाला गारच समजतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं. शिवाय ऑइलमध्ये उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जायला ते ऑइल नीट तापावं लागतं. तुझी गाडी रोज घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, एवढीच चालते. तिचं ऑइल तापणार कधी?

आणि तुला गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होते म्हणून वॉल काढायचाय ना? काही इंजिनांत हाच वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो. म्हणजे सायनला अडकलास की गाडी आणखी तापायची.

पण आधी दोष वॉलचाच आहे ना, ते बघ. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी पुरी आहे का, पंखा फिरतो का? माझ्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढला होता, इंजिन तापलेलं, आणि रेडिएटरचा खालचा पाईप मात्र हाताला गार. वॉल बंदच अडकल्याची ही खूण आहे. रेडिएटर चोंदला किंवा वॉटर पंप गेला तरी असंच होऊ शकतं, म्हणून जुना वॉल काढल्यावर मी तो गरम पाण्यात तपासला. एका जुन्या पातेल्यात दोऱ्याला टांगून सोडला. (ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही.) पाणी खळखळ उकळलं तरी पठ्ठ्या हलला नाही. नव्यावर 82 कोरलेलं होतं, म्हणजे तेवढ्या अंशांना तो उघडायला लागतो. शेजारी थर्मामीटर धरून बघत बसलो. ऐंशी ओलांडल्यावर कडेला केसाएवढी फट दिसली, आणि उकळी येईपर्यंत तबकडी 8 मिलिमीटरच्या आसपास उचलली गेली. आतलं मेण तापून फुगतं आणि दांडीला ढकलतं, बस्स. ना वायर, ना बॅटरी. इतकी साधी आणि इमानदार वस्तू फेकून द्यायची, याचंच मला वाईट वाटतं.

काम अवघड नाही. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं. आत कुकरसारखा दाब असतो, गरम असताना उघडलंस तर कढत पाणी थेट अंगावर. मग खाली टब ठेवून कूलंट काढायचं आणि वॉलवरच्या हाऊसिंगचे (धातूच्या कव्हरचे) बोल्ट सोडायचे. जुनी गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) खरवडताना घाई करू नकोस, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळणार. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेला एक बारीक हलती पिन असते ती वर, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. नवी ओरिंग (गळती रोखणारी रबरी कडी) घाल आणि बोल्ट बेताने आवळ, जोर केलास तर आटेच जातील.

भरताना नळाचं पाणी नको, क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा कॅन आणलास तर त्यात पाणी घालायचं नाही. हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू कर आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. इथे धीर धर. हवा राहिली तर नव्या वॉलनेही काटा चढेल आणि तू म्हणशील, गॅरेजवाला बरोबर होता.

एक मात्र कळकळीने सांगतो. काढलेलं कूलंट गटारात ओतू नकोस, पार्किंगमध्ये सांडलेलंही लगेच पूस. ते चवीला गोड असतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि त्यांची किडनी जाते. आमच्या सोसायटीत गाड्यांखाली मांजरीची पिल्लं असतात, म्हणून मी टब क्षणभरही उघडा सोडला नाही.

तुझ्या मॉडेलचा वॉल कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल. जुन्यावरचा आकडा बघूनच घे, कमी अंशाचा देतो म्हणाला तर नको म्हण. गणपतीला गावी निघायच्या आत हे उरकू. शनिवारी रात्रीच गाडी इकडे आणून लाव, म्हणजे सकाळपर्यंत इंजिन गार होईल. पाने माझ्याकडे आहेत, ओरिंग तेवढी आण. वहिनींना सांग, जेवण इकडेच.

तुझा,
मिलिंद