नाताळचे बाजार नाताळाआधीच पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या पर्यटन कार्यालयांबाहेर ‘युरोप ख्रिसमस मार्केट’चे फलक लागतात. निघण्याची तारीख बहुधा २३ किंवा २४ डिसेंबर असते, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच लागते. घोळ इथेच होतो. जर्मनीतले बहुतेक नाताळ बाजार २३ किंवा २४ डिसेंबरलाच उठतात. २५ तारखेला फ्रँकफर्टला उतरणाऱ्याला बंद गाळे आणि बंद दुकाने एवढेच दिसणार. सारंगखेड्याची यात्रा उठल्यावर घोडा घ्यायला जाण्यातला हा प्रकार आहे, आणि त्यासाठी लोक आयुष्यभराच्या बचतीतले लाखो रुपये मोजतात.

हा बाजार मुळात भरतो तो सणाच्या तयारीसाठी. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार हा ‘ॲडव्हेंट’चा काळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि बाजार साधारण त्याच्या आसपास सुरू होतात. न्यूरेम्बर्गचा प्रसिद्ध बाजार पहिल्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता बंद होतो. कोलोनमध्ये कॅथेड्रलसमोरचा बाजार २३ लाच आवरतात. १४३४ पासूनचा ड्रेस्डेनचा आणि १५७० पासूनचा फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा, हे दोन्ही जुने बाजारही नाताळापर्यंतचेच. स्ट्रासबुर्गच्या शेवटच्या तारखेत मात्र वर्षागणिक दोन-तीन दिवसांचा फरक पडतो, म्हणून ती त्या शहराच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढावे.

सुट्टी २५ नंतरच मिळणार असेल तर जर्मनीचा हट्ट सोडावा. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो. व्हिएन्नात रथाउसप्लाट्झचा, म्हणजे टाउन हॉलसमोरचा बाजार २६ डिसेंबरला संपतो, पण शॉनब्रुन राजवाड्यासमोरचा जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो. बुडापेस्टचे मोठे बाजारही वर्षअखेरीपर्यंत राहतात. ही तीन शहरे रेल्वेने नीट जोडलेली आहेत : प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. बर्लिनचेही काही बाजार ३१ डिसेंबरपर्यंत चालतात. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : प्रागला कोरुना चालतो आणि बुडापेस्टला फोरिंट, सगळीकडे युरो नाही. प्रागच्या बाजारात भाजलेल्या हॅमच्या पाटीवरचा भाव १०० ग्रॅमचा असतो. विक्रेता तुकडा मोठा कापतो आणि बिल पाहून माणूस चक्रावतो. तेव्हा वजन आधी सांगावे.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंतही लांबू शकतात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच फाइल लावावी. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रावर स्वतः जावे लागते. ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, म्हणून आधी व्हिसा काढला असेल तर तसे अर्जात लिहावे. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिले पाऊल ठेवणार त्याच्याकडे. चुकीच्या वकिलातीकडे गेलेली फाइल परत येते आणि तोवर हंगाम निघून जातो.

रावेर-यावलच्या केळी बागायतदारांची अडचण आणखी वेगळी. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकजण आयकर विवरणपत्र भरत नाहीत, आणि वकिलातीला उत्पन्नाचा पुरावा तर हवाच असतो. अशांनी सातबारा, आठ-अ, केळी विक्रीच्या पावत्या आणि त्या रकमा जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा एकत्र जोडावा, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर सोबत लावावे. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नये. ती उसनी आणल्याची शंका येते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत असेल आणि खर्च तेच करणार असतील, तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाच्या हमीचा कागद काढून घ्यावा. त्याची मूळ प्रत मागवावी, मोबाइलवरच्या फोटोवर काम भागत नाही.

बाजारात जाण्याची उत्तम वेळ म्हणजे सोमवार ते गुरुवार, दुपारी साडेतीन. तिकडे डिसेंबरात चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. त्याआधी उजेडात वस्तू नीट पारखता येतात, मग दिवे लागतात आणि सहाच्या पुढे कामावरून सुटलेल्यांची गर्दी लोटायच्या आत निघता येते. शनिवारी संध्याकाळी न्यूरेम्बर्गच्या चौकात पाऊल पुढे टाकता येत नाही, म्हाताऱ्या माणसांना तर नेऊच नये. रोख युरो जवळ हवेत, पाच-दहाच्या नोटा आणि नाणी, कारण पुष्कळ गाळ्यांवर कार्ड चालत नाही आणि स्वच्छतागृहालाही सुटे पैसे लागतात. सुरी, चाकू खिशात किंवा पिशवीत ठेवू नये. जर्मनीत अशा जत्रांमध्ये त्यावर बंदी आहे आणि पोलीस पिशव्या तपासतात. २०१६ साली बर्लिनच्या आणि २०२४ साली माग्डेबुर्गच्या बाजारावर वाहने घालून हल्ले झाले, त्यामुळे बंदोबस्त कडक असतो आणि बसही चौकापासून लांबच थांबते.

थंडी तळपायातून चढते. फरसबंदी दगडांवर दोन-तीन तास उभे राहायचे असते, म्हणून जाड रबरी तळव्याचे, पाणी आत न घेणारे बूट आणि लोकरीचे मोजे घ्यावेत. सुती मोजे ओले झाले की वाळत नाहीत. साडी नेसणाऱ्यांनी आत उबदार लेगिंग घालावी. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवावा.

आता खाण्याचे, कारण आपल्याकडचे अनेकजण शाकाहारी आहेत आणि कित्येकांना अंडेही चालत नाही. सर्वांत निर्धोक म्हणजे साखरेचे बदाम, ‘गेब्रांटे मांडेल्न’. तांब्याच्या कढईत साखर, पाणी आणि दालचिनी उकळते, त्यात बदाम टाकून लाकडी उलथण्याने सतत हलवतात. पाणी आटले की साखर कोरडी होऊन बदामांवर पांढुरकी बसते. आच तशीच ठेवली की ती पुन्हा वितळते आणि बदाम तपकिरी, चकचकीत होतात. कढईतून नुकतेच उतरलेले घ्यावेत, गार झालेले दाताला कडक लागतात. भाजलेले चेस्टनटही बिनघोर खावेत. बटाटा किसून तळलेल्या ‘राइबेकुखेन’मध्ये सहसा अंडे असते. आंबट कोबी दिसायला शाकाहारी, पण तो बहुधा डुकराच्या चरबीत शिजलेला असतो. मशरूमच्या कढईतही बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे असू शकतात, आणि वाटाण्याच्या सूपमध्ये सॉसेज. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर बेकन त्यात धरतीलच असे नाही. म्हणून ‘ओने फ्लाइश, ओने स्पेक, ओने आय’ म्हणजे मांस, बेकन, अंडे काहीच नको, असे पूर्ण सांगावे.

‘ग्लूवाइन’ ही मसाले घालून गरम केलेली दारूच आहे. लहान मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुंश’ मागावे. ‘मिट शुस’ लिहिले असेल तर त्यात वरून आणखी रम घातलेली असते. पेयाच्या मगासाठी वेगळी अनामत घेतात, साधारण दोन ते पाच युरो. रिकामा मग त्याच गाळ्यावर परत द्यावा, दुसरा गाळेवाला तो घेईलच असे नाही. अनामतीसोबत बिल्ला दिला असेल तर तोही जपावा, नाहीतर पैसे परत मिळत नाहीत.

खरेदीत लाकडी ‘पिरामिड’ ही खरोखर घेण्यासारखी वस्तू. मेणबत्त्यांची गरम हवा वर जाते, वरची पाती फिरतात आणि खालच्या मजल्यांवरच्या बाहुल्या गोल फिरू लागतात. एर्त्सगेबिर्गे या डोंगराळ भागातल्या सायफेन गावची ही कारागिरी प्रसिद्ध आहे. खालच्या बाजूला कुठे बनवले ते वाचावे, स्वस्तातला माल बऱ्याचदा दुसरीकडून आलेला असतो. मेणबत्ती १४ मिलिमीटर जाडीची लागते की १७, हे विचारून दोन पाकिटे तिथेच घ्यावीत. घरी आणल्यावर फिरत नसेल तर पात्यांचा कल बदलून पाहावा आणि खोलीतला छताचा पंखा बंद करावा. काचेचे गोळे हातातल्या सामानात ठेवावेत, मधाच्या बाटल्या मात्र मोठ्या बॅगेत. ताज्या फांद्यांचे हार आणू नयेत, विमानतळावर जप्त होतात.

आणि एवढे करूनही २४ तारखेला जर्मनीतच असाल, तर दुपारी दोनच्या आत दूध, ब्रेड, फळे घेऊन ठेवा. २५ आणि २६ हे दोन्ही दिवस तिथे सार्वजनिक सुट्टी असते, मोठ्या रेल्वे स्थानकांवरची दुकाने तेवढी उघडी सापडतात.

आपल्या दैनिकात अशा सहलींच्या जाहिराती येतात. जाहिरातीत बाजाराचे नाव असेल तिथे त्याच्या बंद होण्याची तारीखही छापावी, असा आग्रह आपण जाहिरातदारांकडे धरावा, ही विनंती. वाचकांनीही आगाऊ रक्कम भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणत्या तारखेला कोणत्या बाजारात नेणार, तिथे किती तास थांबणार, आणि हॉटेल त्या चौकापासून किती किलोमीटरवर आहे.

आपला,
एक वाचक, भुसावळ