माळ काढून ठेवलेल्या मुलास

चि. ज्ञानेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आणि रुमालात बांधलेली तुझी वारकऱ्याची तुळशीमाळ, दोन्ही मिळाली. मोबाइलवरची रमी, त्यासाठी अ‍ॅपवरून काढलेलं कर्ज, पगार लांबला म्हणून आईला मारलेली थाप आणि मग मित्रांबरोबर पिणं, सगळं तू काही न लपवता लिहिलंस ते बरं केलंस. आम्हां दोघांना फार लागलं, ते तुझ्यापासून झाकत नाही. पण पैशांचं पुढे बोलू. आधी तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे: 'माझ्यासारख्याने माळ घालणं ही देवाची फसवणूक आहे. सुधारलो की पुन्हा घालीन.'

हे तू मनापासून लिहिलं आहेस. तरीही मला ते मान्य नाही. तू क्रम उलटा लावतो आहेस. आधी सुधारायचं आणि मग देवाकडे जायचं, असं आपल्या संतांनी कुठेही सांगितलेलं नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायातला 30 वा आणि 31 वा श्लोक एकापाठोपाठ वाच. माणूस अगदी दुराचारी असला, तरी तो माझी अनन्यपणे भक्ती करत असेल तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय बरोबर आहे, असं पहिल्यात भगवंत म्हणतात. तो लवकरच धर्मात्मा होतो, हे त्यानंतर, दुसऱ्यात येतं. म्हणजे भजन सुरू होतं तेव्हा माणूस अजून वाईटच असतो. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीत तिथे महापुराचा दाखला दिला आहे: 'जैसा बुडाला महापुरीं, न मरतु निघाला'. पुरात बुडालेला जिवंत काठाला लागला, तर त्याचं बुडणं वाया गेलं. पोहायला शिकून ये, मग काठावर घेऊ, असं पुरात सापडलेल्याला कोणी म्हणत नाही रे.

अशा वेळी लोक हटकून चोखोबांचं नाव घेतात: त्यांनाही जातीमुळे देवळात जाता येत नव्हतं, तरी देवाने त्यांना जवळ केलं. तुझ्यासाठी मी ते नाव घेणार नाही. चोखोबांनी पाप केलंच नव्हतं. पाप त्यांना पायरीशी अडवणाऱ्यांचं होतं, आणि ते आपल्या समाजाने 1947 मध्ये पंढरीचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून सानेगुरुजी उपोषणाला बसेपर्यंत चालवलं. तू मात्र चुकला आहेस, स्वतःच्या हाताने चुकला आहेस. तुला दाखला हवा तर वाल्ह्याचा घे. माउलींची पालखी दरवर्षी जेजुरी सोडली की वाल्ह्याला मुक्कामाला येते. ते वाल्मीकींचं गाव मानतात, तिथे त्यांची समाधी दाखवतात. वाटमारी करून पोट भरणाऱ्या वाल्या कोळ्याची गोष्ट तू लहानपणी तिथेच ऐकलीस. नाम घेण्याआधी वाल्याला कोणी सज्जन व्हायला सांगितलं नव्हतं. तोंडात राम बसेना, तर नारद 'मरा मरा' असं उलटं म्हण म्हणाले.

पण तुझ्याशी सगळ्यांत जास्त बोलतील ते तुकोबा. 'याति शूद्र वंश केला वेवसाव' हा अभंग पुन्हा काढ. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी त्यात स्वतःची हकिगत सांगितली आहे. 1629-30 च्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, घरातली एक बायको अन्न अन्न करत गेली. धंद्यात तूट आली आणि 'लज्जा वाटे जीवा'. दिवाळं निघालेल्या माणसाची लाज त्यांनी लपवलेली नाही. आणि पुढे बघ. देवाचं एक भंगलेलं देऊळ होतं, ते दुरुस्त करावं असं त्यांच्या मनात आलं. मग म्हणतात, 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी, नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. ज्ञानेश्वरा, ही ओळ तू शंभरदा गायली आहेस. सुरुवातीला तुकोबांचंही चित्त अभ्यासात नव्हतं. ते चित्त लागायची वाट बघत घरी बसले नाहीत. एकादशीला कीर्तनाला उभे राहिले, संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणारा असेल त्याच्यामागे ध्रुपद धरलं. चित्त मागाहून आलं. आणि एवढं झाल्यावरही 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग' म्हणणारे तेच आहेत. लढाई संपली असं त्यांनी म्हटलेलं नाही.

हरिपाठाला बसलं की डोक्यात पत्तेच फिरतात, असं तू लिहितोस. फिरू देत. तू बसून राहा. माउली पहिल्याच अभंगात 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' एवढंच मागतात. कसल्या मनाने उभा राहिलास, हे त्या दारात कोणी विचारत नाही. पंढरीत पायांवर डोकं ठेवतानाही मागच्या वर्षी काय केलंस असं कोणी विचारत नाही. सगळ्या रांगेला तेच पाय.

आता दुसरी बाजूही ऐक, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. नामाने पाप धुतलं जातं, मग करायला काय हरकत आहे, अशा हिशेबाने जो चालतो त्याला आपल्यात थारा नाही. पद्मपुराणात नामाचे दहा अपराध सांगितले आहेत, त्यात नामाच्या बळावर पाप करणं हा एक आहे. माळ घालून पिणं चालतं असं मी म्हणत नाही. दारू आणि पत्ते सोडायचा निश्चय माळेबरोबर करावाच लागतो. पण निश्चय आज करता येतो, रे. शुद्ध व्हायला वेळ लागेल. उद्या पुन्हा पाय घसरला तर त्याच संध्याकाळी पुन्हा हरिपाठाला बस, आणि मला फोन कर. तुला भीती घसरण्याची वाटते, मला तुझ्या त्यानंतरच्या चार महिन्यांची वाटते. माणूस लाजेने भजन सोडतो, देवळाची वाट सोडतो, घरी फोन करणं सोडतो, आणि मग त्याच्याजवळ फक्त ते व्यसन उरतं.

माळ मी ओवून घेतली. दोरा मानेजवळ झिजला होता. मागचे चार-पाच मणी घामाने काळे आणि गुळगुळीत झालेत, पुढचे अजून खरखरीत आहेत. आपल्यात माळ तुटली तर ती ओवून गळ्यात पडेपर्यंत माणूस अन्नाला शिवत नाही, हे तुला माहीत आहे. तू ती तोडली नाहीस, काढून नीट बांधून पाठवलीस, यातच मला तुझं मन दिसलं. ती मी कुरियरने परत पाठवणार नाही. आळंदीला जाऊ, समाधीला लावू आणि तिथेच गळ्यात घालू.

पैशांचं. देवाने क्षमा केली म्हणून सावकाराचं देणं फिटत नाही. तुकोबांनी इंद्रायणीत कर्जखतं बुडवली असं आपण अभिमानाने सांगतो, पण ती लोकांकडून त्यांना येणं असलेल्या पैशांची होती. त्यातही भावाचा वाटा त्यांनी आधी भावाला दिला आणि फक्त आपला बुडवला. दुसऱ्याचं देणं त्यांनी बुडवलं नाही. तेव्हा कोणाचे किती आणि व्याज काय, सगळं एका कागदावर लिहून आण. मित्रांचे हातउसने आधी देऊ, कारण ते मागायला संकोचत असतील. अ‍ॅपवाल्यांचं बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना विचारून ठरवू. मी माझ्याकडून काही घालीन, पण दरमहाचा हप्ता तुझ्याच पगारातून जाईल. आईला मारलेल्या थापेबद्दल तिच्याशी तू स्वतः बोलायचं. ते मी करणार नाही.

कार्तिकीच्या दिंडीची नावं वहीत लिहायला सुरुवात झाली आहे. तुझं नाव मी माझ्याखाली लिहिलं आहे. रजा मिळते का ते साहेबांना विचारून या आठवड्यात कळव, म्हणजे तंबूत जागा सांगून ठेवता येईल.

तुझे,
नाना