अध्यक्षाच्या सहीला कायद्याचा आधार हवा

मा. संपादक,

अमेरिकेच्या अध्यक्षाने सही केली की विषय संपला, अशा थाटात आपल्याकडे बातम्या येतात. तिथल्या राज्यघटनेला हे मान्य नाही. तिच्या पहिल्या कलमाने कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. अध्यक्षाचा क्रमांक दुसऱ्या कलमात, न्यायालयाचा तिसऱ्यात.

१९५२ चे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कोरियात युद्ध पेटलेले, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिलला पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. कारखानदार कोर्टात गेले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द ठरवला, कारण काँग्रेसने असा अधिकार दिलेलाच नव्हता. उलट १९४७ मध्ये कामगार कायदा करताना तो देण्याची सूचना तिने फेटाळली होती. विशेष म्हणजे नऊही न्यायमूर्ती आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनीच नेमलेले होते. आदेशाच्या विरोधात मत देणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क तर ट्रूमन यांचेच माजी अ‍ॅटर्नी जनरल!

ट्रूमन यांना निकाल मुळीच पटला नाही, तरी त्यांनी कारखाने लगेच परत केले. संप झाला, पन्नासहून अधिक दिवस चालला. ती किंमत त्या देशाने युद्धकाळात मोजली.

आपल्या वृत्तपत्राला विनंती, की अध्यक्षांच्या आदेशाची बातमी देताना तो कोणत्या कायद्याच्या आधारे काढला, हेही जरूर छापावे.

– एक नियमित वाचक, सातारा