हा निषाद कोणाचा? मिरजेच्या सरांना जाहीर पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून कुणी आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता. गुरुपौर्णिमेला शाल घेऊन आलो होतो, तेव्हा ती बाजूला ठेवून "आधी एफ मायनर वाजव" म्हणालात. म्हणून हे पत्र जाहीरच लिहितोय. कीबोर्ड शिकणारी जी मुलं थिअरीच्या पुस्तकापुढे हात टेकून बसली आहेत, त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. वीस वर्षं भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करत होतो. गायिकेची पट्टी काळी चार असो की पांढरी सहा, पट्टी आपोआप बदलणारं ट्रान्स्पोजचं बटण दाबायचं आणि बोटं आपली पांढरी एकवरच ठेवायची. लंडनच्या बोर्डाची पाचव्या ग्रेडची थिअरी मी पास होतो. त्याशिवाय सहाव्या ग्रेडला बसता येत नव्हतं. पुढची पुस्तकं आणून सेकंडरी डॉमिनंट, डिमिनिश्ड सेव्हन्थ, पेडल पॉइंट यांच्या व्याख्याही पाठ केल्या होत्या. पण वाजवायला बसलो की त्यातलं काहीच हाताशी यायचं नाही.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या कीबोर्डच्या ट्रान्स्पोज बटणावर काळी चिकटपट्टी लावलीत. मला तेव्हा राग आला होता, सर. आज सांगतो.

मग मी तुम्हाला यमनची गोष्ट सांगितली. एका कार्यक्रमात यमनमधलं गाणं होतं, पट्टी पांढरी एक, म्हणजे सा सीवर. तीव्र मध्यम आला की मी डी मेजर ही कॉर्ड धरायचो. डी, एफ शार्प, ए हे तीन सूर एकत्र. सूर जुळत होते, कॉर्ड चुकीची नव्हती. तरी कार्यक्रम संपल्यावर गायिका म्हणाल्या, "तुम्ही माझा सा हलवता." काय चुकलं ते मला वर्षभर कळलं नव्हतं, आणि ते मनाला लागून राहिलं होतं.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि एफ शार्पवर एकच बोट ठेवलंत. "हा यमनचा तीव्र म. पण हा निषाद कोणाचा?" मी गप्प. तुम्ही शेजारचा जी, म्हणजे पंचम, दाबलात. आणि मला लख्ख ऐकू आलं! निषादाला आपल्या षड्जाकडे जायचं असतं, हे कुठल्याही पेटीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एफ शार्प हा जीचा निषाद. डी मेजर धरला की कान जीकडे धाव घेतो, पंचमच षड्ज वाटू लागतो, आणि गायिकेच्या पायाखालची जमीन सरकते. पुस्तकात सेकंडरी डॉमिनंट म्हणतात ते हेच. परक्या घरचा निषाद आणून थोडा वेळ त्या घरचं होणं.

पुढे तुम्ही जे केलंत ते मी आजही रोज करतो. डावी करंगळी खालच्या सीवर रोवलीत, उजव्या हातात तोच डी मेजर वाजवलात आणि जीवर न जाता परत सी मेजरवर आलात. करंगळी हलली नाही. यमन जागच्या जागी राहिला. "हा पेडल पॉइंट," म्हणालात, "तुमच्याकडे याला तंबोरा म्हणतात."

मिरजेसारख्या तंबोरे बनवणाऱ्या गावात राहून तुम्ही तंबोऱ्याचा असा उपयोग केला नसतात तरच नवल. तो पावसाळ्यातला रविवारही आठवतो. वीज गेलेली, कीबोर्ड बंद. तुम्ही कोपऱ्यातला तंबोरा मांडीवर घेतलात आणि खर्जाची तार छेडत राहिलात. दहा मिनिटांनी त्यातून गंधार उमटू लागला, कुणीही न लावलेला, स्वयंभू. वीज आल्यावर कीबोर्डवरचा ई वाजवायला लावलात. तो चढा लागला. दोन्हींत सुमारे १४ सेंटचा फरक, म्हणजे शंभर सेंटच्या अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. शुद्ध षड्ज-पंचमाच्या बारा पायऱ्या चढल्या तर आपण सात सप्तकांपेक्षा सुमारे २३.५ सेंट पुढे जातो, म्हणून कीबोर्डचा प्रत्येक पंचम जेमतेम दोन सेंटनं उतरवलेला असतो. त्या तडजोडीमुळेच बाराही पट्ट्यांत सारखं वाजवता येतं. ही आकडेमोड मी आधी वाचली होती. पण तो चढा ई ऐकल्यावर मला तिचा अर्थ कळला.

तुम्ही गोव्यात, सासष्टीतल्या चर्चच्या शाळेत मेस्तांकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, सोल्फा (डो-रे-मी) गात गात सूर शिकलात. आधी गळा, मग वाद्य, मग कागद. मुंबईच्या सिनेसंगीताला हार्मनीची बैठक देणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचेच, हे तुम्ही अभिमानानं सांगायचात. तुमच्या शिकवण्यात तोच क्रम मला दिसतो.

डिमिनिश्ड सेव्हन्थला तर तुम्हाला अर्धा तासही लागला नाही. बी, डी, एफ, ए फ्लॅट, तीन-तीन अर्ध्या स्वरांच्या अंतरावरचे चार सूर. "यातला निषाद कोणता?" कुठलाही! बी धरला तर सीचं घर, डी धरला तर ई फ्लॅटचं, एफ धरला तर एफ शार्पचं, ए फ्लॅट धरला तर एचं. एका कॉर्डला चार दारं, म्हणून अख्ख्या कीबोर्डवर अशा कॉर्ड तीनच. वर्षानुवर्षं घोकलेलं पान एका प्रश्नानं सुटलं.

परवा त्याच गायिकेला साथ केली. पट्टी काळी दोन होती. चिकटपट्टी अजून तशीच आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण तीव्र मध्यमावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या.

तुम्ही दिलेला जर्मन संगीतकार बाखचा सी मेजर प्रील्यूड, 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' या १७२२ च्या संग्रहातला पहिला, प्रत्येक माप (बार) एका कॉर्डमध्ये दाबून लिहून काढलाय. २४ ते ३१ ही आठ मापं खाली जी रोवलेला, शेवटची चार मापं सी. तुमची करंगळी तिथे मला स्पष्ट दिसली. बाविसाव्या मापात खाली एफ शार्प, तेविसाव्यात ए फ्लॅट, मग जी. दोन्ही बाजूंनी एकाच सुराला घेरलंय. पण तेविसाव्यात बी, डी, एफ, ए फ्लॅट या चौघांत एक सी येऊन बसलाय. बी तर सीचाच निषाद, मग सी आधीच तिथे कसा? पेन्सिलीनं एक उत्तर लिहिलंय, खात्री नाही. रविवारी वही घेऊन येतो.

तुमचा विद्यार्थी