नट एकदाच उघडतो, मजुरी तीनदा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला तो गाडीच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागांच्या, खर्चावरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसून बघितलं, शेवटी बायको म्हणाली लिहून टाका एकदाचं म्हणजे जेवायला तरी बसाल. तीन गॅरेजमधून कोटेशन आणा, महागडं सोडा, एकदम स्वस्त तेही सोडा आणि मधलं पकडा, असा सल्ला आहे. मंडईत मेथीला हे चालतं, कारण तीन गाळ्यांवर मेथी ती मेथीच असते. गॅरेजचं तसं नाही ना. एक जण नुसत्या लिंक रॉडचे, म्हणजे चाकाजवळच्या एका छोट्या जोडदांडीचे, पैसे सांगतो, दुसरा पुढचे दोन शॉकअप धरतो, तिसरा पुढचं मागचं सगळंच उतरवायला निघतो, मग यातलं मधलं म्हणजे नक्की कशातलं मधलं? आधी गेलंय काय ते कळायला नको का, भाव नंतर.

माझंच सांगतो. 2025 च्या गणपतीत आम्ही ताम्हिणीतून माणगावला उतरून पुढे चिपळूणला गेलो. मुंबई-गोवा हायवेवर मी काही लिहीत नाही, तुमचाच पेपर इतकी वर्षं लिहितोय, काय उपयोग झाला ते दिसतंच आहे. परत आल्यावर पुढून डाव्या बाजूने टक-टक सुरू झालं. गाडी 2014 ची, 78 हजार किलोमीटर झालेली, छोटी हॅचबॅक, कंपनीचं नाव लिहिलं तर पत्र टोपलीत जाईल म्हणून लिहीत नाही. पितृपक्षात खर्च नको म्हणून थांबलो आणि नवरात्र लागलं त्याच दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली.

तिथे टाय लावलेला मुलगा होता. सर सर करत पाणी दिलं, कॉफी दिली. गाडी चालवून बघितली नाही, रॅम्पवर घेतली नाही, खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही, मीटरवरचे किलोमीटर बघितले आणि टॅबवर बोट फिरवून एस्टिमेट काढलं 21,455 रुपयांचं! पुढचे दोन शॉकअप, दोन्हीची माउंटिंग, दोन लिंक रॉड, दोन लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारे हात, मागचे दोन शॉकअप, वर अलाइनमेंट बॅलन्सिंग, आणि कंझ्युमेबल म्हणून 450. कंझ्युमेबल म्हणजे काय विचारलं तर म्हणे कॉटन वेस्ट, स्प्रे, ग्रीस वगैरे. साडेचारशे रुपयांची ग्रीस आमच्या गाडीच्या अंगाला लावली असती तर ती न्हाऊन निघाली असती.

पण मला खटकलं ते वेगळंच. पार्टचा भाव एक वेळ बाजूला ठेवा, तो बॉक्सवर छापलेला असतो. मजुरीकडे बघा. शॉकअप बदलायची मजुरी 1,400, माउंटिंग बदलायची वेगळी 800, लिंक रॉडची वेगळी 500. आता ज्याने कधी गॅरेजात दहा मिनिटं उभं राहून काम बघितलंय त्याला माहीत आहे की माउंटिंग शॉकअपच्या डोक्यावरच बसतं, शॉकअप बाहेर काढून स्प्रिंग दाबली की ते हातातच येतं. आमच्या गाडीत लिंक रॉडसुद्धा शॉकअपलाच अडकवलेला आहे, म्हणजे तो नट सोडल्याशिवाय शॉकअप निघतच नाही. काम एक आणि मजुरी तीन! मी हे त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला सर, सिस्टीममध्ये तसंच फीड आहे. सिस्टीम. आमच्या लहानपणी लोक देवावर ढकलायचे.

त्याच दिवशी, म्हणजे 22 सप्टेंबरला, स्पेअर पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता, सकाळी तुमच्याच पेपरात वाचून गेलो होतो. म्हटलं बॉक्सवरची एमआरपी जुना टॅक्स धरून छापलेली आहे, मग आता भाव उतरायला पाहिजे ना. तर म्हणे सर तो बेस प्राईसमध्ये ॲडजस्ट झालाय. कुणाच्या बेसमध्ये ते नाही सांगितलं.

मी सही न करता गाडी घेऊन आलो. आमच्याकडे सिंहगड रोडला एका गल्लीत एक मेकॅनिक आहे, बोर्डसुद्धा धड नाही. त्याने काय केलं तर गाडीत शेजारी बसला आणि म्हणाला काका, स्पीडब्रेकरवरून आधी सरळ घ्या, मग तिरकी घ्या. सरळ घेतली तर काही नाही, तिरकी घेतली की टक-टक. म्हणाला दोन्ही चाकं एकदम वर गेली की दोन्ही बाजूंना जोडणारा मधला बार पिळत नाही, एकच चाक गेलं की पिळतो आणि लिंक रॉडचा जॉइंट ढिला असेल तर वाजतो. मग गाडी जॅकवर घेऊन टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, लावून तो जॉइंट मलाच हलवून दाखवला. शॉकअपला तेल आलंय का बघितलं, नव्हतं. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, गाडी एकदा वर येऊन थांबली, डुलत बसली नाही. लोअर आर्मच्या बुशचं, म्हणजे त्याच्या सांध्यात बसवलेल्या कड्याचं, रबर चिरलंय म्हणाला, पण अजून फाटलेलं नाही, वर्षभर जाईल, आणि गेलंच तर नुसतं बुश प्रेस करून बसवू, अख्खा आर्म कशाला. नाना पेठेतून 450 ला एक असे दोन लिंक रॉड मीच आणले, मजुरी 300, अलाइनमेंट 400. झाले 1,600. आवाज बंद.

आता पुढचंही सांगतो, नाहीतर तुमचे लेखक म्हणतील हे एकच बाजू लिहितात. संक्रांतीच्या सुमारास पुढच्या डाव्या शॉकअपला तेल आलंच. नुसता ओलसरपणा नाही, खालपर्यंत ओघळ. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या लिस्टमधलं सगळंच खोटं नव्हतं, चार महिने आधी लिहिलेलं होतं एवढंच. तर मग दोन्ही बदलले, कारण शॉकअप जोडीनेच बदलायचे असतात, एक नवा एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला वेगळीच वागते. माउंटिंगही नवीन घातली. मजुरी दोन्ही बाजूंची मिळून 1,200, त्यातच माउंटिंग आलं, लिंक रॉड काढून परत लावणंही आलं. वेगळं काही मागितलं नाही. त्याच्याकडे सिस्टीम नसावी.

म्हणून म्हणतो, टोटल बघून काही कळत नाही. 20 हजार योग्यही असू शकतात, 5 हजारसुद्धा लूट असू शकते. मजुरीच्या ओळी वाचा, एकच नट किती ओळींत उघडलाय ते मोजा. आणि जुना पार्ट परत मागा, बघा चेहरे कसे होतात. लेखात यातलं एक अक्षर नाही. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मात्र दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आणि लेखाच्या बरोबर खाली अर्ध्या पानाची फ्री सस्पेन्शन चेकअप कॅम्पची जाहिरात होती, हा योगायोगच असणार, आम्ही काही म्हणत नाही.

जाता जाता एक. शॉकअप का जातात यावर लेख लिहिण्याआधी तुमच्या माणसाला एकदा आमच्या गल्लीत पाठवा. इंडियन रोड काँग्रेसच्या हिशोबात स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, म्हणजे गाडी त्यावर चढून उतरावी असा. आमच्याकडचा माझ्या चपलेने मोजला तर दीड चप्पल रुंद आहे आणि उंचीला जवळजवळ वीतभर, पांढरे पट्टे नाहीत, रात्री दिसत नाही, गाडी चढत नाही तर आपटते. दोन अर्ज दिले, पोच आहे माझ्याकडे. पाहिजे तर फोटो पाठवतो.

पत्र छापलंत तर काटछाट जरूर करा, फक्त मजुरीचे आकडे ठेवा. मागच्या वेळी पाणीपट्टीवरच्या पत्रातले नेमके आकडेच उडवलेत आणि नमस्कार तेवढा छापलात.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सिंहगड रोड, पुणे