डांबरी रस्त्यावरूनच काढ

चि. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद.

परवा स्टँडवर बोललो ते मनावर घेऊ नकोस. "मेलेल्यांचे फोटो काढून पोट भरणार काय?" असं म्हणायला नको होतं. चाळीस वर्षं माझं पोट बऱ्यापैकी त्यावरच भरलंय, हे गाडी कित्तूरकडं वळल्यावर आठवलं.

तू इराकातल्या शरकतला जाणार, जा. आपल्या मराठा पलटणीच्या सेंटरात पहिल्या महायुद्धातल्या तिथल्या लढाईचं स्मारक आहे. 1918 च्या ऑक्टोबरात पणजोबा तिथं पडले, आणि 30 तारखेला तुर्कांशी युद्धबंदीचा करार झाला. दोन दिवसांचा फरक. बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांवर मृतांची नोंद, पण साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढं नुसता आकडा, हे तूच आम्हाला सांगितलंस. "त्या आकड्यातला एक आपला," असं म्हणालीस तेव्हा आजी जेवता जेवता थांबली. मला अभिमान वाटला होता. बोललो मात्र भाजीत मीठ कमी आहे म्हणून.

फक्त एवढंच सांगतो : कॅमेरा डोळ्याला लावलास की तू दुसरा डोळा मिटतेस. लहानपणापासूनची खोड आहे. बाजूचं दिसत नाही, पायाखालचं तर नाहीच. 2016 पर्यंत ते गाव इसिसच्या हातात होतं, जमिनीत काय पुरून ठेवलंय कोण सांगणार? बस्स, परत हा विषय काढत नाही.

कारगिलच्या साली खानापूरकडची एक बाई दुकानात आली होती, तुला सांगितलंय की नाही आठवत नाही. नवऱ्याचा एकच फोटो, तोही ट्रेनिंगमधला ग्रुप. तिसऱ्या ओळीत वाटाण्याएवढं तोंड. मोठा केला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. तीन रात्री बसून बारीक ब्रशनं डोळे काढले. मागं निळं आकाश भरलं, कॉलर नीट केली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हे डोळे त्यांचे नव्हेत. असू देत, पोरांनी ह्यांना बघितलंच नाही." पैसे घ्यायला हात पुढं होईना, पण घेतले. त्या महिन्यात तुझी फी होती.

म्हणून तू त्या इंग्रज फोटोग्राफरचे, रॉजर फेंटनचे, युद्धातले दोन फोटो दाखवलेस तेव्हा मी हसलो. क्रिमियातली तीच दरी, 1855 सालची. एकात रस्ता मोकळा, दुसऱ्यात तोफेचे गोळे पसरलेले. त्यानंच गोळे मांडले असणार, ही फसवणूक आहे, म्हणून तू चिडलीस. अगं, तुझ्या बापानं तर डोळे मांडलेत.

आणि देवळामागची वीरगळ आठव, जिच्यावर चढून तू पडली होतीस. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवलिंगापुढं तो हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. इतकी शतकं लोक तिला तेल-शेंदूर लावताहेत. घडवणारा पाथरवट काही रणात गेला नसेल. गावातच बसून, घरचं जेवून त्यानं ती घडवली. तू म्हणशील, म्हणूनच तिच्यावर एक जखम नाही. म्हण. पण फेंटन तर तिथवर गेला होता ना? त्याच्या फोटोत तरी कुठं मढं दिसतं?

बघ, पुन्हा भाषण झालं. तुझी आई म्हणते, पत्र लिहितोस की कोर्टात उभा आहेस? चुकलं. तुला तुझं काम कळतं. निपाणीच्या आत्याला मी हेच सांगतो, फक्त तुझ्यासमोर जमत नाही.

बॅगेच्या खालच्या कप्प्यात कुंदा आहे, आईनं लपवून ठेवलाय. तिथल्या वाटाड्याला दे थोडा. त्याच्या मागनंच चाल, पुढं पळू नकोस.

पणजोबांचं तोंड कसं होतं हे आपल्यात कुणालाच माहीत नाही. तेव्हा तैग्रिस नदीचा एक फोटो काढून आण, नुसतं पाणी आणि काठ. मोठा करून पणजीच्या फोटोशेजारी लावतो. ब्रश लावणार नाही, शब्द.

पण नदीकडं उतरू नकोस. डांबरी रस्त्यावरूनच काढ.

तुझा,
बाबा