गोळ्या परस्पर बंद करू नका

नैराश्यावरच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात आणि ‘किती दिवस खाणार?’ असं म्हणत त्यांच्या मागे लागणारे नातेवाईकही. या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात हजर! त्रास आधी, आराम नंतर. इथेच अनेकांचा धीर सुटतो. बरं वाटू लागल्यावरही किमान ६ महिने औषध चालू ठेवावं लागतं. एकदम तोडलं, तर चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. हे व्यसन नव्हे. मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो, इतकंच. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं, कधी काही महिने घेऊन उतरवतात. घरच्यांनी ‘मन खंबीर कर’ हा फुकटचा सल्ला आवरावा. त्यापेक्षा ‘रात्री झोप लागली का?’ एवढंच विचारावं आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावं. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्या व्यक्तीला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.